माध्यमांतून पाहिलेली अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक : आपल्याला नेमके काय कळते?

शाईची दौत

मी राज्यशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. दुसऱ्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी मी अमेरिकेतील २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक हा विषय घेतला असून, ती केवळ प्रसारमाध्यमांतून पाहणाऱ्याला कशी दिसते हे मला लिहायचे आहे. २७ जून २०२४ रोजी बायडन आणि ट्रम्प यांची सीएनएनवर वादचर्चा झाली, तेव्हापासून मी वहीत नोंदी ठेवत होते. पुढे १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली, १० सप्टेंबरला हॅरिस आणि ट्रम्प समोरासमोर आले. बातम्यांना खंड असा पडलाच नाही आणि वहीही भरत गेली.

आता लिहायला बसल्यावर तीच वही वाचून मी अस्वस्थ झाले आहे. पेनसिल्व्हेनियात कोणत्या आठवड्यात कोण किती टक्क्यांनी पुढे होते, हे मला दशांशासह सांगता येईल. आयातशुल्क वाढवण्याचा प्रस्ताव मात्र दीड पानात आटोपला आहे आणि त्यातही अर्धा मजकूर त्या प्रस्तावामुळे कोणाची मते वाढतील याविषयीचा, म्हणजे पुन्हा शर्यतीचाच आहे. हार्वर्डच्या शोरेन्स्टाइन सेंटरने २०१६ च्या वृत्तांकनाचा अभ्यास केला होता. त्यात कोण पुढे, कोण मागे या प्रकारच्या मजकुराचा वाटा ४२ टक्के आणि धोरणांविषयीच्या मजकुराचा वाटा १० टक्के निघाला होता. तेव्हा दोष माझ्या वहीचा की मला मिळालेल्या बातम्यांचा, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मतमोजणीच्या रात्रीविषयी आहे. तेथे मंगळवारचे सायंकाळचे सात वाजले तेव्हा आपल्याकडे बुधवारचे पहाटेचे साडेपाच झाले होते. पडद्यावर एकाच वेळी प्रत्यक्ष मोजलेली मते, जिंकण्याची शक्यता दाखवणारी टक्केवारी आणि विजयी ठरवलेल्या नावापुढची बरोबरची खूण, असे सगळे एकाच आकाराच्या अक्षरांत आणि एकाच स्वरात येत होते. यातले मोजलेले किती, अंदाज कोणता आणि निर्णय कोणाचा, हे वेगळे करणे मला बराच वेळ जमत नव्हते. दुपारी चार वाजून गेल्यावर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्या खात्यात टाकले, ते निवडून आल्याचे सांगितले आणि जगाने ते मानले. त्या क्षणापर्यंत एकाही सरकारी अधिकाऱ्याने त्यांना विजयी घोषित केलेले नव्हते. हे योग्य आहे का? आणि आपल्यापैकी ज्यांनी ही निवडणूक दुरून किंवा जवळून पाहिली, त्यांना त्या देशाविषयी नेमके काय कळले?

तिरपागडे

दुसऱ्या देशाची मतमोजणी पाहण्यासाठी पहाटे साडेपाचचा गजर लावणाऱ्या आणि आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण हे विचारल्यावर छताकडे पाहणाऱ्या सर्व सभासदांचे या धाग्यावर स्वागत आहे. मी त्यांचा अध्यक्ष आहे आणि माझी निवड बिनविरोध झालेली आहे.

निवृत्त उपसंपादक

दौत, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण माझे आयुष्य तारेवरून आलेल्या बातम्यांवर मथळे घालण्यात गेले.

आपल्याकडे निवडणूक आयोग मतमोजणी करून घेतो आणि निकालही तोच जाहीर करतो. अमेरिकेत असा मध्यवर्ती आयोग नाही. तेथील संघीय निवडणूक आयोग फक्त प्रचाराच्या पैशाचा हिशेब पाहतो. मतदान घेणे आणि मोजणे हे राज्यांचे काम असून, प्रत्यक्षात ते काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पातळीवर चालते. तीन हजारांहून अधिक काउंटी, प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, आणि सगळ्यांची बेरीज करून रात्रीच सांगणारे सरकारी कार्यालय एकही नाही. ही पोकळी असोसिएटेड प्रेसने १८४८ पासून भरून काढली. त्यांची माणसे काउंटीच्या कार्यालयांत बसून आकडे कळवतात आणि मागे पडलेल्या उमेदवाराला पुढे येण्याचा मार्गच उरला नाही अशी खात्री झाली, तरच ते नाव घोषित करतात. कायदेशीर निकाल पुढच्या आठवड्यांत होतो. राज्ये आपापले आकडे प्रमाणित करतात, डिसेंबरमध्ये इलेक्टर, म्हणजे ज्यांच्या मतांवर अध्यक्ष ठरतो ते राज्याराज्यांचे प्रतिनिधी, मतदान करतात आणि ६ जानेवारीला काँग्रेससमोर ती मते मोजली जातात. माध्यमांनी मौन पाळायचे ठरवले, तर एवढे दिवस दोन्ही पक्ष आपापला विजय साजरा करत बसतील. त्यामुळे माझे उत्तर 'योग्य आहे' असेच आहे, परंतु त्याला २००० सालाची पुरवणी जोडावी लागते.

७ नोव्हेंबर २००० च्या रात्री वाहिन्यांनी आठ वाजण्याच्या आधीच फ्लोरिडा अल गोर यांना देऊन टाकले. त्या वेळी राज्याच्या पश्चिम टोकाला, जेथे घड्याळ एक तास मागे असते, मतदान सुरूच होते. दहाच्या सुमारास तो निर्णय मागे घेतला गेला. मध्यरात्रीनंतर सव्वादोनला बुश विजयी असल्याचे सांगितले गेले, गोर यांनी बुश यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला, थोड्या वेळाने पुन्हा दूरध्वनी करून तो परत घेतला, आणि चारच्या सुमारास वाहिन्यांनीही दुसऱ्यांदा माघार घेतली. असोसिएटेड प्रेसने मात्र बुश यांच्या विजयाची घोषणा त्या रात्री केली नाही. आपल्याकडे तेव्हा बुधवारची दुपार होती. सकाळच्या दैनिकांना विचार करायला रात्रीपर्यंत वेळ मिळाला. मी तेव्हा ज्या संस्थेत होतो, तिच्या सायंदैनिकाचे पहिले पान बुश यांच्या हसऱ्या छायाचित्रासह छपाईला गेलेले होते. पुढे फ्लोरिडातील फेरमोजणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १२ डिसेंबरला निवाडा आला. त्या राज्यातला फरक होता ५३७ मतांचा.

खडूस

एवढे रामायण सांगून झाल्यावर निष्कर्ष 'योग्य आहे' असा कसा निघतो, हे काही कळले नाही.

पूर्वकिनारा

२०२० मध्ये मी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या एका उपनगरी काउंटीत टपाली मते उघडण्याच्या कामावर होते. दौत यांना पडद्यावर दिसणारा आकडा तयार कसा होतो, हे सांगितले तर कदाचित उपयोग होईल.

आमच्या राज्यात २०१९ च्या कायद्याने कोणालाही कारण न देता टपालाने मत देण्याची मुभा मिळाली, आणि लगेच पुढच्याच वर्षी साथीमुळे सुमारे २६ लाख मते टपालाने आली. कायद्याची मेख अशी की, ही पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत उघडायचीच नाहीत. बाहेरच्या पाकिटावर मतदाराची सही आणि तारीख असते. आत नाव नसलेले दुसरे पाकीट असते. यंत्राने बाहेरची पाकिटे कापायची, आतली पाकिटे काढून ती एकमेकांत मिसळायची, म्हणजे कोणाचे मत कोणाला गेले हे कळण्याची सोय राहत नाही. त्यानंतर आतले पाकीट उघडायचे. आतली मतपत्रिका घड्या घातलेली असते आणि तशीच यंत्रात घातली तर अडकते, म्हणून प्रत्येक घडी उलट्या बाजूने दाबून कागद सपाट करायचा. आतले पाकीटच नसेल तर ती मतपत्रिका बाजूला काढायची, कारण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसे मत ग्राह्य धरू नये असे ठरवले होते. दिवसभर घड्या मोडून बोटांची कातडी कोरडी पडली होती. आणि जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवर एक गृहस्थ विचारत होते की, पेनसिल्व्हेनिया अजून मोजतेच आहे, याचा अर्थ काय समजायचा?

अर्थ एवढाच होता की, ट्रम्प यांनी टपाली मतदानाविरुद्ध प्रचार केल्यामुळे त्यांचे मतदार प्रत्यक्ष केंद्रावर गेले होते आणि ती मते आधी मोजून झाली. बायडन यांची बरीच मते आमच्या टेबलांवर घड्यांमध्ये होती. फ्लोरिडात टपाली मतांची पूर्वतयारी आधीपासून करता येते, म्हणून तेथील चित्र रात्रीच स्पष्ट झाले. आमच्याकडे ते शनिवारी, ७ नोव्हेंबरला झाले आणि त्याच वेळी वाहिन्यांनी बायडन यांना विजयी म्हटले. मधल्या काळात आघाडी बदलत गेली असे जगाला दिसले. वास्तविक बुधवारपासून कोणाचेही मत बदललेले नव्हते, आम्ही फक्त पाकिटे उघडत होतो.

अर्धविराम

पूर्वकिनारा, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. विस्कॉन्सिनमध्येही टपाली मते मतदानाच्या दिवसाआधी मोजायला घेता येत नाहीत. मिलवॉकी शहराची तर सगळी टपाली मते एकाच केंद्रावर मोजून एकदम कळवली जातात. २०२० मध्ये अशी सुमारे १ लाख ६९ हजार मते पहाटे एका झटक्यात बेरजेत आली आणि आलेखावर उभी रेघ दिसली. त्या उभ्या रेघेचे चित्र घोटाळ्याचा पुरावा म्हणून माझ्या नात्यातल्या तीन निरनिराळ्या गटांवर आले होते, आणि ते पाठवणाऱ्यांपैकी एक जण सनदी लेखापाल आहे.

खडूस

मतमोजणी करणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती स्टुडिओत बसलेल्यांविषयी. २०१६ मध्ये हफिंग्टन पोस्टने क्लिंटन यांची शक्यता ९८ टक्के सांगितली, न्यूयॉर्क टाइम्सने ८५ टक्के सांगितली, आणि निकालानंतर हेच लोक जनतेने आपल्याला धक्का दिला असे म्हणू लागले. जनतेने धक्का दिलेला नाही. ती जेथे होती तेथेच होती, हे तिकडे फिरकले नाहीत. २०२० मध्ये तेच, २०२४ मध्ये पुन्हा तेच. आयोवातील ज्या जनमत चाचणीचा इतका दबदबा होता, तिने शेवटच्या आठवड्यात हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले आणि ट्रम्प तेथे १३ टक्क्यांनी जिंकले. अशा चाचण्यांचा रतीब घालणाऱ्या माध्यमांतून देश कळत नाही. दौत यांनी प्रबंधात एवढे एकच वाक्य लिहावे आणि पदवी घ्यावी.

सरासरी

पोटापाण्यासाठी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे खडूस यांच्या प्रतिसादावर लिहिणे भाग आहे.

२०१६ मध्ये फाइव्हथर्टीएट या निवडणुकीचे अंदाज देणाऱ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के शक्यता दिली होती. याचा अर्थ दहा वेळा अशी परिस्थिती आली तर सुमारे तीन वेळा ट्रम्प जिंकतील. अशी गोष्ट घडली तर तिला धक्का म्हणता येत नाही. प्रत्यक्षात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील एकत्रित फरक ७८ हजार मतांच्या आत होता, आणि देशभरात क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते अधिक होती. ९८ टक्के सांगणाऱ्यांचे खरे चुकले ते हे की, एका राज्यात चाचण्या ज्या दिशेने चुकतात त्याच दिशेने शेजारच्या राज्यातही चुकण्याची शक्यता मोठी असते, हे त्यांनी पुरेसे हिशेबात धरले नाही. शिवाय अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी नमुन्यातील शिक्षणाचे प्रमाण दुरुस्त केलेले नव्हते. पदवीधर लोक चाचणीला अधिक उत्तरे देतात आणि त्या वर्षी शिक्षणानुसार मते फार दुभंगलेली होती.

दौत, तुमच्या वहीतल्या दशांशांविषयी. एक हजार लोकांच्या चाचणीत एका उमेदवाराच्या टक्केवारीची त्रुटीमर्यादा साधारण अधिक-उणे ३ असते. दोघांमधील फरकाची मर्यादा जवळजवळ त्याच्या दुप्पट होते. त्यामुळे सोमवारी १.२ ने पुढे असलेला उमेदवार गुरुवारी ०.४ ने मागे गेला, तर त्या आठवड्यात काहीच घडले नाही असे मानणे सर्वात सुरक्षित. बातमीत मात्र 'हॅरिस यांची घसरण' असे येते, कारण काहीच घडले नाही ही बातमी विकत कोण घेणार?

आयोवाविषयी खडूस यांचे म्हणणे खरे आहे. ती चाचणी चुकली आणि दणदणीत चुकली. परंतु त्याच वेळी देशपातळीवरील सरासरी हॅरिस साधारण एका टक्क्याने पुढे दाखवत होती आणि ट्रम्प दीड टक्क्याने जिंकले. ही चूक २०२० मधील चुकीपेक्षा लहान आहे. आपल्या लक्षात आयोवा राहते.

खडूस

गणित मान्य. पण वाचकाला त्रुटीमर्यादा समजत नाही हे ठाऊक असूनही जो रोज मथळा करतो, त्याला संख्याशास्त्राच्या मागे लपता येत नाही.

सरासरी

याबाबतीत आपण दोघे एकाच बाकावर आहोत.

रानवारा

माध्यम बदलले की निवडणूकच बदलते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९६० ची केनेडी–निक्सन वादचर्चा. रेडिओवर ऐकणाऱ्यांच्या मते निक्सन जिंकले आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांच्या मते केनेडी. हे प्रबंधात यायला हवे.

निवृत्त उपसंपादक

रानवारा, ही गोष्ट इतकी सुबक आहे की तिच्यावर शंका घ्यावीच. २६ सप्टेंबर १९६० च्या त्या पहिल्या वादचर्चेविषयीचा हा दावा प्रामुख्याने एका बाजार-पाहणीवर उभा आहे आणि तिच्यात रेडिओ ऐकणाऱ्यांची संख्या फार थोडी होती. शिवाय त्या काळात केवळ रेडिओवर अवलंबून असलेला श्रोता हा बऱ्याच अंशी ग्रामीण भागातला आणि प्रोटेस्टंट होता, म्हणजे कॅथलिक केनेडींकडे त्याचा ओढा मुळातच कमी. आवाजामुळे मत बनले की आधीच्या कलामुळे, हे त्या आकड्यांतून सांगता येत नाही. दौत यांनी ती गोष्ट घ्यायची असेल तर या शंकेसह घ्यावी.

तिरपागडे

याच न्यायाने आणखी एक माहिती. रिपब्लिकन म्हणजे लाल आणि डेमोक्रॅट म्हणजे निळे हे रंग २००० सालच्या त्या लांबलेल्या भांडणानंतर रूढ झाले. त्याआधी प्रत्येक वाहिनी आपल्या मर्जीने रंग देत असे आणि १९८० मध्ये एनबीसीच्या नकाशावर रेगन यांनी जिंकलेली राज्ये निळी होती. लाल रंगाचा पक्ष उजवा असणे हे जगात इतरत्र कोणाला पटवून देता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

जुना मतदार

मी ॲरिझोनात राहतो, त्यामुळे २०२० च्या रात्रीची आठवण सांगणे प्राप्त आहे. आमच्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली असताना फॉक्स न्यूजने ॲरिझोना बायडन यांना दिले. असोसिएटेड प्रेसने काही तासांनी दुजोरा दिला. बाकीच्या मोठ्या वाहिन्या १२ नोव्हेंबरपर्यंत थांबल्या. मधल्या दिवसांत उरलेली मते मोजली जात असताना बायडन यांची आघाडी घटत घटत १०,४५७ वर आली. घोषणा बरोबर ठरली. परंतु ती करताना जेवढी खात्री दाखवली गेली, तेवढी त्या वेळच्या आकड्यांत होती का, याविषयी या विषयातले जाणकार आजही भांडतात. ती घोषणा रिपब्लिकन प्रेक्षकाच्या आवडत्या वाहिनीने केल्यामुळे त्या प्रेक्षकाचा संताप झाला. पुढच्या आठवड्यांत त्याच वाहिनीवर मतदान यंत्रांविषयी जे खोटे दावे दाखवले गेले, त्याची किंमत एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीशी ७८ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड करून मोजावी लागली. आकडे सांगणारा विभाग आणि प्रेक्षक सांभाळणारा विभाग एकाच इमारतीत असतात, हे दौत यांनी लक्षात घ्यावे.

शाईची दौत

सर्वांचे मनापासून आभार. पूर्वकिनारा यांचा प्रतिसाद, त्यांची हरकत नसेल तर, प्रबंधात सभासदनामासह उद्धृत करेन. एक निरीक्षण मात्र नोंदवावेसे वाटते आणि त्यात कोणाचाही अनादर नाही. मी दोन प्रश्न विचारले होते. आतापर्यंतचे जवळजवळ सर्व प्रतिसाद मोजणी, चाचण्या आणि घोषणा यांविषयी आहेत. या निवडणुकीतून तो देश कळला का, याला अजून कोणीच हात घातलेला नाही. माझ्या वहीचे जे झाले तेच या धाग्याचेही होत आहे.

खडूस

चांगलेच पकडले.

अर्धविराम

दौत, याचे एक कारण असे की, आकडे सर्वांना एकाच वेळी मिळतात आणि त्यांच्यावर घरी बसून बोलता येते. देश कळण्यासाठी स्थानिक बातमीदार लागतो आणि तोच नाहीसा होत चालला आहे. ज्यांच्यापाशी स्वतःचे एकही वृत्तमाध्यम उरलेले नाही, अशा काउंटी आता अमेरिकेत दोनशेहून अधिक आहेत. तेथील माणूस काय म्हणतो हे न्यूयॉर्कहून एका दिवसासाठी आलेला वार्ताहर सांगतो, तोही बहुधा महामार्गावरच्या उपाहारगृहात भेटलेल्या दोघा-तिघांच्या तोंडून.

मी कॅलिफोर्नियात राहते. येथे निकाल ठरलेला असल्याने उमेदवार आले तर देणग्या गोळा करायला येतात. देशातील सर्वाधिक मतदारांच्या राज्याला काय वाटते, हे प्रचाराच्या वृत्तांकनात जवळपास येतच नाही. मात्र सात चुरशीच्या राज्यांतील अनिर्णित मतदाराची मुलाखत इतक्या वेळा झाली की त्याने मानधन मागायला हवे होते.

जुना मतदार

दौत यांचा प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेले होते आणि त्याचे नाव मतपत्रिका.

२०२४ मध्ये आमच्या मॅरिकोपा काउंटीची मतपत्रिका दोन कागदांची आणि दोन्ही बाजूंनी छापलेली होती. वर अध्यक्षपद, त्याखाली सिनेट, प्रतिनिधीगृह, राज्याचे विधिमंडळ, न्यायाधीशांना पदावर ठेवायचे की नाही, शाळामंडळ, आणि मग राज्यघटनेतील दुरुस्त्यांसह एकेक प्रस्ताव. माझी पत्नी आणि मी दोन संध्याकाळी ती पुस्तिका वाचत बसलो होतो. परदेशातच काय, येथील राष्ट्रीय वाहिन्यांवरही या कागदाची पहिली ओळच दिसते.

आता खालच्या ओळी पाहा. ॲरिझोनात ट्रम्प सुमारे साडेपाच टक्क्यांनी जिंकले. त्याच कागदावर गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारा १३९ क्रमांकाचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्क्यांनी मंजूर झाला आणि सिनेटसाठी डेमोक्रॅट रुबेन गायेगो निवडून आले. मिसूरीत ट्रम्प १८ टक्क्यांनी जिंकले आणि तेथील मतदारांनी त्याच दिवशी किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचा आणि आजारपणाची पगारी रजा देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. गर्भपाताच्या हक्काची दुरुस्तीही तेथे निसटत्या बहुमताने संमत झाली. फ्लोरिडात तशाच दुरुस्तीला ५७ टक्के मते पडूनही ती फेटाळली गेली, कारण तेथे ६० टक्क्यांची अट आहे. 'लाल राज्य' आणि 'निळे राज्य' या नकाशावरून ही माणसे ओळखता येत नाहीत. महागाईवर रागावलेला, सीमेवरून येणाऱ्यांविषयी साशंक असलेला आणि तरीही मुलीच्या गर्भपाताचा निर्णय विधिमंडळाने घेऊ नये असे मानणारा माझा शेजारी मला रोज भेटतो. मला तो टीव्हीवर फारसा भेटलेला नाही.

सरासरी

जुना मतदार यांचा मुद्दा मौल्यवान आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. राज्यात दोन गोष्टींना बहुमत मिळाले म्हणजे दोन्हींना मत देणारी माणसे तीच असतात असे नाही. काही मतदार वरच्या ओळीवर खूण करून खालचे रकाने मोकळे सोडतात, त्यामुळे प्रत्येक प्रश्नावरील एकूण मतेही सारखी नसतात. ॲरिझोनासारख्या ठिकाणी ट्रम्प आणि प्रस्ताव १३९ या दोन्हींची टक्केवारी मिळून शंभराच्या बरीच पुढे जाते, त्यामुळे दोन्हींना मत देणारे अनेक लोक असणार हे गणितानेच ठरते. ते किती आणि कोण, हे सांगायला मात्र प्रीसिंक्टनिहाय, म्हणजे मतदानाच्या सर्वात लहान विभागानुसार, आकडे लागतील. ते राज्याच्या आणि काउंटीच्या निवडणूक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. दौत, हे आकडे निकालानंतर काही आठवड्यांनी प्रमाणित होऊन येतात, आणि तोपर्यंत सगळे वार्ताहर पुढच्या मंत्रिमंडळाकडे वळलेले असतात. तुम्हाला गर्दी अजिबात लागणार नाही.

पूर्वकिनारा

उद्धृत करायला हरकत नाही. फक्त 'उपनगरी काउंटी' एवढेच लिहावे, नाव नको.

जुना मतदार यांच्याशी सहमत. त्यात एक भर घालते. २०२४ मध्ये पाकिटांविषयीचा आमचा कायदा तोच होता, परंतु २०२२ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या काउंटींना मोजणी अखंड चालू ठेवणे बंधनकारक केले, यंत्रेही वाढली, आणि टपाली मतेही २०२० पेक्षा कमी होती. त्यामुळे असोसिएटेड प्रेसने आमचे राज्य त्याच रात्री अडीचच्या सुमारास घोषित केले. चार वर्षांपूर्वी आमच्या दारात उभे असलेले कॅमेरे या वेळी आले नाहीत. सुरळीत पार पडलेली मोजणी कशी झाली, हे विचारायला कोणी येत नाही.

शाईची दौत

आता मार्ग दिसू लागला आहे. सरांशीही बोलले. प्रबंधाचा विषय थोडा वळवते आहे: २०२४ मध्ये ॲरिझोना आणि मिसूरी या दोन राज्यांतील मतपत्रिकांवर जे प्रश्न होते, त्यांपैकी किती प्रश्न मी पाहिलेल्या राष्ट्रीय माध्यमांत आले आणि कोणत्या स्वरूपात आले, हे माझ्या वहीतील नोंदींवरून तपासायचे. वही वाया जाणार नाही, उलट तिच्यातील रिकाम्या जागाच साहित्य म्हणून वापरता येतील. मिसूरीच्या प्रस्तावांविषयी माझ्या वहीत काय आहे ते आजच पाहिले. गर्भपाताविषयी एक ओळ आहे. किमान वेतनाविषयी काहीही नाही.

खडूस

विषय चांगला आहे. मिसूरी घेणार असाल तर निवडणुकीच्या दिवशी थांबू नका. आजारपणाच्या पगारी रजेची जी तरतूद मतदारांनी मंजूर केली होती, ती तेथील विधिमंडळाने २०२५ मध्ये कायदा करून रद्द केली. गर्भपाताची दुरुस्ती मागे घेण्याचा प्रस्तावही २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवण्याचे त्याच विधिमंडळाने ठरवले आहे. या दोन बातम्या तुमच्या राष्ट्रीय माध्यमांत कोणत्या पानावर आल्या, तेही शोधा.

तिरपागडे

खडूस यांनी कोणाला तरी उपयोगी सल्ला दिला, याची नोंद घ्यावी. असोसिएटेड प्रेसने अद्याप दुजोरा दिलेला नाही.